आठ ठिकाणी माळेचा आवाज

गुलबर्गा, शनिवार, ९ मार्च १९४६

जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते.

१. फेब्रुवारीच्या ४, ५ आणि ६ तारखेला बीदरजवळच्या मैलूर गावी शिवशंकरप्पांच्या गाण्याचं चित्रीकरण झालं. वय एकाहत्तर. जागा त्यांच्या घराचं अंगण. एकूण दहा चिजा. पहिल्या तीन त्यांच्या गुरूंच्या, पुढच्या सात त्यांच्या स्वतःच्या.
२. चित्रपट नरहररावांचा. कॅमेराही त्यांनीच चालवला. आवाज मी घेतला. पेटीवर शिष्य विरुपाक्ष, मागे तंबोऱ्यावर अप्पांची थोरली बहीण निलम्मा.
३. मायक्रोफोन एकच होता. अप्पांच्या उजव्या खांद्यापासून दीड हातावर.
४. १९ फेब्रुवारीला सकाळी अप्पा वारले. त्यांची तबकडी कधी निघाली नव्हती. हे चित्रण सोडून त्यांचा आवाज कुठेही नाही.
५. त्याच आठवड्यात मुंबईत नाविकांचा संप आणि गोळीबार झाला. लॅब बंद होती. निगेटिव्ह सुरक्षित आहे. कच्ची प्रिंट काल रेल्वेने आली.
६. ५ मे रोजी हैदराबादला पहिला खेळ. चित्र आणि आवाज जुळवण्याचं काम माझ्याकडे आहे.

वडिलांचं कार्ड आलं आहे. ठेवलं.

मंगळवार, १२ मार्च

थिएटरच्या मागची खोली नरहररावांनी भाड्याने घेतली आहे. एक टेबल, दोन चरख्या, कात्री, फिल्म चिकटवायचं द्रावण. बायका या दाराने येत नाहीत, म्हणून दरबान दर सकाळी मला विचारतो, "किस से मिलना है?" मी दर सकाळी सांगते की कुणाला भेटायचं नाही, काम आहे.

चित्र एका फिल्मवर, आवाज दुसऱ्या. क्लॅपरची पाटी मिटते ती चौकट आणि आवाजातला ठोका एका रेषेत आणायचा. तो जुळला की पुढचं सगळं जुळतं. आज चार चिजा जुळल्या. अप्पांचे ओठ आणि अप्पांचा आवाज. काही वाटेल असं वाटलं होतं. मी चौकटी मोजत होते.

शुक्रवार, १५ मार्च

नरहररावांनी निवेदन लिहून आणलं. वाचून दाखवलं. सहाव्या चिजेवर त्यांचा विशेष जीव आहे.

*दूध उतू चाललं गं, हात माझे पिठात,
कोण हाक देतं दारात.*

त्यावर त्यांचं वाक्य असं: "स्त्रीमनाचा असा ठाव घेणारा पुरुष रचनाकार शतकातून एखादाच." शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज जड झाला. पाच वर्षं ते या माणसामागे फिरले आहेत. वकिली जवळजवळ सोडली.

"काय बाई, कसं वाटलं?"

मी म्हटलं की वाक्य अकरा सेकंदांचं आहे आणि जागा नऊची आहे.

"तुमच्या आईबापांनी नाव अन्नपूर्णा ठेवलं," ते म्हणाले, "तराजूबाई ठेवायला हवं होतं."

श्रेयनामावलीही दाखवली. 'ध्वनी: नरहरराव.' युनिट त्यांचं आहे, परवाना त्यांच्या नावावर आहे. पद्धत अशीच असते. अक्षरं मध्यभागी येत नव्हती, ती दुरुस्त करून दिली.

सोमवार, १८ मार्च

दोषांची यादी पक्की केली. मैलूरला मी प्रत्येक टेकच्या वेळी ध्वनिपत्रकात दोष टिपले होते. बैलगाडी, कावळा, तंबोऱ्याची खुंटी सरकणं. सर्वांत जास्त वेळा आलेला दोष म्हणजे 'माळेचा आवाज'. अप्पा चीज सुरू करण्याआधी उजवा हात कानाच्या पाळीला लावत. हात वर गेला की गळ्यातले रुद्राक्ष इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर घासत. मायक्रोफोन त्याच बाजूला असल्याने ते स्पष्ट उमटलं आहे. प्रत्येक ठिकाणी माझा शेरा: 'काढणे.'

नरहररावांनी यादीप्रमाणे खुणा केल्या. चिजेच्या आधीचा दोन सेकंदांचा तुकडा, हातासकट, गेला की दोष गेला. निगेटिव्ह २२ एप्रिलला मुंबईला कापली जाईल. कापलेले तुकडे लॅब ठेवत नाही.

मंगळवार, १९ मार्च

यादी दुसऱ्यांदा तपासली. मोजणीत चूक असावी असं वाटलं म्हणून तिसऱ्यांदा.

माळेचा आवाज आठ ठिकाणी आहे. चिजा दहा आहेत.

चीज १, २, ३: आहे. ४: आहे. ५: नाही. ६, ७, ८: आहे. ९: नाही. १०: आहे.

पाच आणि नऊ या वेळी हात का गेला नाही? मायक्रोफोन तोच, माळ तीच. चित्र लावून पाहिलं. त्या दोन्ही वेळी हात मांडीवरच आहे.

गाणाऱ्यांची रीत मला माहीत आहे. आईकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुली तिचं नाव घेताना कान धरायच्या. गुरूचं नाव घेताना, दुसऱ्याची चीज गाताना कानाला हात जातो. पहिल्या तीन गुरूंच्या आहेत. तिथे हात बरोबर आहे. स्वतःच्या चिजेला कुणी कानाला हात लावत नाही.

म्हणजे सातांपैकी पाच चिजा त्यांच्या नसाव्यात.

आणखी एक. नरहररावांच्या निवेदनात असं आहे की अप्पांनी विनयाने आपल्या चिजांत नाव गुंफलं नाही. ५ आणि ९ मध्ये त्यांचं नाव आहे.

शनिवार, २३ मार्च

विरुपाक्ष आला होता. प्रिंट पाहायची म्हणाला. थिएटर दुपारी मोकळं असतं, तिथे लावून दाखवली. अप्पा पडद्यावर आले तसा तो उभा राहिला आणि संपेपर्यंत बसला नाही. रडत होता. मागच्या रांगेत मी आवाज ओठांपासून कुठे सरकतो ते पाहत होते.

बाहेर चहा घेताना विचारलं, "चार, सहा, सात, आठ आणि दहा या चिजा कुणाच्या?"

"कुणाच्या म्हंजे? अप्पांच्या."

"मग कानाला हात?"

"सवय हो. म्हातारं माणूस."

"पाचव्या आणि नवव्याला सवय गेली?"

त्याने बशी खाली ठेवली. "बाई, तुमी मास्तरीण बाईंच्या लेक, सरळ सांगतो. हैदराबादेत गायनशाळेत मला घ्यायलेत. अर्जावर काय लिहिलंय? 'शिवशंकरप्पांच्या रचनांचा एकमेव वारस.' आता पाच चिजा तुमी काढून घेतल्यावर मी काय त्या दोन घिऊन जाऊ? त्या दोन तुमी ऐकल्यात."

ऐकल्या आहेत. बऱ्या आहेत.

"मी काढून घेत नाही," मी म्हटलं. "कुणाच्या आहेत एवढंच विचारते."

"ते अक्काला इचारा," तो म्हणाला. मग लगेच म्हणाला, "न्हाई, नका इचारू. कशाला त्या म्हातारीला तरास."

अक्का म्हणजे निलम्मा. नाव त्यानेच काढलं. मी ते काढलं नव्हतं.

रविवार, ३१ मार्च

काम नाही. वडिलांचं दुसरं कार्ड. आईला जाऊन अकरा आठवडे झाले. माणसं भेटायला घरी येतात, तू केव्हा येतेस, असं काहीतरी असणार. पहिल्या कार्डावर ठेवलं.

आईचा आवाज आठवून पाहिला. पट्टी सांगता येते, काळी चार. आवाज येत नाही.

मंगळवार, २ एप्रिल, मैलूर

हुमनाबादवरून मोटारीने बीदर, तिथून चालत. दुपारी एकला पोहोचले. निलम्मा ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होत्या. वय पंचाहत्तर तरी असेल. विधवा होऊन माहेरी आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, असं नरहररावांच्या टिपणात एका ओळीत आहे. त्यांच्याबद्दल टिपणात तेवढंच आहे.

"आलीस व्हय गं? चपला सावलीत काढ, तापत्यात. जेवलीस का?"

"जेवले."

"खोटं. मोटारीत कोण जेवायला घालतंय तुला?" भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे आली. मी जेवत असताना त्या बघत होत्या. "तुजी आई गेली म्हणं."

"हो. जानेवारीत."

"आन् फेब्रुवारीत तू हितं तारा वढायलीस. रडलीस का न्हाई?"

"चित्रीकरणाच्या तारखा ठरल्या होत्या."

त्यांनी आणखी चटणी वाढली.

मग मी यादी काढली. आठ ठिकाणं वाचून दाखवली आणि माझा निष्कर्ष सांगितला. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"सहावी म्हण बघू," त्या म्हणाल्या.

"मी गात नाही."

"मास्तरीण बाईची लेक आन् गात न्हाई? बोल तर. शब्द बोल."

मी शब्द म्हटले आणि गुडघ्यावर ठेका धरला. 'हात माझे पिठात.' अप्पांप्रमाणे 'पिठात'वर सम दिली.

"हितंच," त्या एकदम म्हणाल्या. "हितंच चुकायचा त्यो. चाळीस वर्सं सांगून थकले. सम 'हात'वर हाय. पिठात हात अडकलेल्या बाईचं ध्यान हाताकडं असतंय, पिठाकडं कामून जाईल? दूध उतू चाललंय, हात काढता येईना, आन् दारात कोणतरी उभं हाय. पुरुष माणसाला कुठलं कळायचं. म्हणायचा, अक्का, 'पिठात'वर आलं की टाळी पडतीया."

मग त्यांनी ती ओळ म्हटली. आवाज फाटलेला आहे, वरचा षड्ज लागत नाही. सम 'हात'वर आली. मी पुन्हा म्हणायला सांगितलं नाही. यंत्र बरोबर नव्हतं.

"गुरुजी ह्याला शिकवायला यायचे," त्या म्हणाल्या. "मी आतल्या खोलीत जात्यावर. जातं थांबलं की गुरुजी खाकरायचे. म्हणून थांबवत नव्हते. दळत दळत ऐकायचे."

"अप्पांनी कुणाला कधी सांगितलं नाही?"

"सांगायचा की. दर बारीला सांगायचा."

"केव्हा?"

"हात लावून. कान कुणासाठी धरत होता त्यो? मी मागं बसलेली असायचे. ज्याला कळायचं त्याला कळत होतं." सूप खाली ठेवलं. "तूच तेवढी त्याला म्हणालीस, हात खाली ठेवा, खडखड येते."

हे खरं आहे. ५ फेब्रुवारी, चीज ४. माझ्या पत्रकात आहे: 'टेक २: गायकास हात न हलवण्याची सूचना. सुरुवात झाली नाही. टेक ३: हात हलला. दोष.' दुसऱ्या टेकला अप्पा पाऊण मिनिट हात मांडीवर धरून बसले होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले होते, "असं नगा करू, बाई." मी ते लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "नामावलीत तुमचं नाव घालता येईल. 'रचना: निलम्मा.' पाच चिजांना."

त्या हसल्या. "आन् लोक म्हणतील काय? भाऊ मेला तशी बहिणीनं त्याला चोर ठरवलं. त्यो बिचारा समाधीत बसलाय, त्याला उठून बोलता येईना. आन् विरुपाक्ष? त्याला नोकरी लागायलीय, लेकरं हायत त्याला."

"नाव नको, असं समजू?"

"नको असं कुठं म्हणलं मी?"

निवडलेली ज्वारी त्यांनी डब्यात ओतली. मी मोटारीची वेळ पाहिली.

"लई घाई तुला," त्या म्हणाल्या. "साठ वर्सं कुणी इचारलं न्हाई, आन् तुला पाचच्या मोटारीच्या आत उत्तर पाहिजे. कागद पाठीव. मला अक्षर लागतंय."

गुरुवार, ४ एप्रिल, गुलबर्गा

नरहररावांना सांगितलं. अर्धा तास बोलले. मध्ये एकदा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"पाच वर्षं, बाई. पाच वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की आपल्या या कोपऱ्यात एवढा मोठा रचनाकार आहे, कुणी ओळखला नाही. आणि आता तुम्ही म्हणता तो मागे तंबोरा धरून बसला होता?"

"बसल्या होत्या."

"तेच ते. आणि पुरावा काय? खडखड."

"आठ ठिकाणी."

"कानाला हात लावला म्हणून माणूस अर्धा होतो काय?"

मी म्हटलं की माणूस अर्धा होत नाही, आपण कापल्यामुळे होतो. हे अगोदर ठरवून बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्यांनी स्वतः लिहून द्यावं. सहीनिशी. तुमच्या यादीवर मी चित्रपट बदलणार नाही. आणि २२ तारीख हलणार नाही."

वाजवी आहे. त्यांच्या जागी मीही लेखी मागितलं असतं.

सोमवार, ८ एप्रिल

चीज ४, टेक २ पाहिला. तो चित्रपटात नाही, कारण गाणं नाही. एक हजार एकोणनव्वद चौकटी अप्पा स्तब्ध बसले आहेत. मागे निलम्मांची बोटं तारांवर चालू आहेत. सहाशेव्या चौकटीच्या सुमारास त्या मान वर करून अप्पांच्या पाठीकडे बघतात. मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या शेजारी, जिथे मी उभी होते तिथे.

चार वेळा पाहिला. टेबलाचा दिवा गरम झाल्यामुळे बंद केला.

मंगळवार, ९ एप्रिल

वडिलांची दोन्ही कार्डं वाचली. पहिल्यात लिहिलं आहे की आईच्या वहीत चाळीसएक चिजा आहेत, खाली कुणाचंच नाव नाही, काही तिच्या असतील, तुला ओळखता येतील का. दुसऱ्यात तेच, पुन्हा.

उत्तर लिहिलं: 'मेमध्ये येते. वही कुणाला देऊ नये.'

बुधवार, १० एप्रिल

निलम्मांना पाठवलेल्या पत्राची नक्कल. मोठ्या अक्षरात, एका बाजूला लिहिलं.

*निलम्मा अक्का यांना नमस्कार.*

*आपण कागद पाठवायला सांगितलं होतं, म्हणून लिहिते.*

*चित्रपटातल्या आपल्या पाच चिजांच्या आधी अप्पांनी कानाला हात लावला आहे. ते तुकडे कापावेत अशी खूण मी केली होती. ती माझी चूक होती. मी तो यंत्रातला दोष समजले. ती खूण आता मी माझ्या यादीतून काढली आहे, परंतु चित्रपट नरहररावांचा आहे आणि त्यांना आपल्या हातचं लेखी हवं आहे.*

*आपण म्हणालात की नाव घातलं तर अप्पा चोर ठरतील. मी यावर विचार केला. चित्रपटात त्यांचा हात राहिला, तर त्यांनी प्रत्येक वेळी खरं सांगितलं हे सगळ्यांना दिसेल. हात कापून त्यांचं एकट्याचं नाव घातलं, तर मात्र पुढे कुणीतरी त्यांना तसं म्हणू शकेल, आणि त्यात अप्पांचा काही दोष नसेल. विरुपाक्ष यांना या चिजा आपण आणि अप्पा दोघांनी शिकवल्या, असं आपण लिहून दिलंत तर त्यांच्या अर्जाला बाध येणार नाही असं मला वाटतं. शाळेला तसं पत्र मी टाईप करून देईन.*

*नाव नको असेल तर तसंही लिहावं. त्याचं कारण देण्याची गरज नाही. त्या वेळीही हात ठेवावा एवढं मी नरहररावांना सांगेन. ते ऐकतील याची खात्री देता येत नाही.*

*सहाव्या चिजेची सम आपण 'हात'वर दिलीत. ती तशी कुठेही नोंदलेली नाही. आपली हरकत नसेल तर मी यंत्र घेऊन मैलूरला येईन. उंच स्वर लागला नाही तरी चालेल.*

*सोबत उत्तराचं कार्ड जोडलं आहे, पत्ता घातलेला आहे. 'हो' किंवा 'नाही' आणि खाली सही, एवढं पुरे. निगेटिव्ह सोमवारी २२ तारखेला कापली जाईल, नंतर काही करता येणार नाही. म्हणून आपलं उत्तर शनिवार, २० एप्रिलपर्यंत माझ्या हाती यावं, ही विनंती.*

*अन्नपूर्णा*